नाव कण्हेरीचं, घर तगरीचं

आपल्या मराठीत रात्री उडणाऱ्या जिवांची नावांच्या बाबतीत फारच उपासमार झाली आहे. धान्याच्या डब्यातून उडतात ती पाखरं, लोकरीच्या शालीला लागते ती कसर, आणि उरलेले सगळे पतंग. बोटाच्या पेराएवढा असो की तळहाताएवढा, पतंगच! संक्रांतीला पोरं गच्चीवरून उडवतात तोही पतंगच. फुलपाखरांचं नशीब बरं. २०१५ साली महाराष्ट्राने ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याला नीलवंत असं छानसं मराठी नावही मिळालं. पतंग बिचारा रात्री येतो, ट्यूबलाइटशेजारी बसतो, आणि त्याची दखल घेते ती फक्त पाल.

पण हाच जीव अळीच्या रूपात असला की आपली भाषा एकदम श्रीमंत होते. कपाशीवरची बोंडअळी, हरभऱ्यावरची घाटेअळी, पाठीची कमान करत चालणारी उंटअळी, फौज घेऊन शेतात उतरणारी लष्करी अळी. २०१८ साली मक्यावर बाहेरून नवी लष्करी अळी आली, तर तिला अमेरिकन हे विशेषण लावून आपल्या लोकांनी तिचंही बारसं करून टाकलं. अंगावर केस असतील तर सुरवंट आणि गुळगुळीत असेल तर अळी, हा भेद खेड्यातलं शेंबडं पोरसुद्धा करतं. कारण उघड आहे. पतंग पीक खात नाही, अळी खाते. शेतकऱ्याचं ज्याच्याशी भांडण, त्याला त्याने नाव दिलं, आणि ती काय खाते, कुठे राहते, चालते कशी हेही नावातच घालून ठेवलं.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते एका पतंगामुळे. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीने त्यांच्या इमारतीच्या जिन्यातल्या भिंतीवर बसलेल्या एका मोठ्या पतंगाचा फोटो पाठवला. खाली प्रश्न, “मावशी, हे काय आहे गं? चावतं का?” मग दुसरा फोटो, कुंपणालगतच्या तगरीचा. तगर जवळजवळ बोडकी झालेली. आणि तिसरा फोटो एका जाडजूड हिरव्या अळीचा, जिला बघून वरच्या मजल्यावरचं एक मूल किंचाळत घरी गेलं होतं म्हणे. दोन दिवसांनी फवारणीवाला येणार होता, तेव्हा उत्तर लवकर द्यायला हवं होतं. माझा विषय इतिहास, विज्ञान नव्हे. पण हा पाहुणा माझ्या ओळखीचा होता, कारण आमच्या अंगणातही तगर आहे.

आधी पतंगाचं वर्णन करते, म्हणजे तुम्हालाही ओळखता येईल. पंख पसरले तर नऊ ते अकरा सेंटिमीटर. बसतो तेव्हा पंख मागे तिरपे ठेवून, लढाऊ विमान उभं करावं तसा. अंगावर सैनिकांच्या गणवेशासारखी नक्षी, गडद हिरवा, फिका हिरवा, मधून पांढरट पट्टे आणि थोडी गुलाबी झाक. इंग्रजीत याला ओलिएंडर हॉक मॉथ म्हणतात. ओलिएंडर म्हणजे कण्हेर आणि हॉक म्हणजे ससाणा. शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. याचा एक चुलतभाऊ आहे, डॅफ्निस हायपोथस. तो रंगाने जास्त काळपट असतो आणि त्याच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी एक छोटा पांढरा ठिपका असतो. दोघांत गोंधळ होऊ शकतो. पण त्याची अळी कदंबासारख्या झाडांवर वाढते, तगरीवर नाही. म्हणजे पंखांवरून शंका आली तर झाडाला विचारावं!

आता या नावाची कुळकथा. १७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली आणि प्राण्यांना दुहेरी नावं देण्याची पद्धत तिथून रुळली. या पतंगाला त्याने ‘स्फिंक्स नेरी’ म्हटलं. या दोन शब्दांत गंमत आहे. स्फिंक्स म्हणजे इजिप्तमधली ती सिंहाच्या अंगाची आणि माणसाच्या तोंडाची मूर्ती. पतंगाचा आणि तिचा काय संबंध? काहीच नाही. संबंध आहे तो अळीचा. या कुळातल्या अळ्या घाबरल्या की अंगाचा पुढचा भाग उचलून, मान आत ओढून निश्चल बसतात. रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते पाहून स्फिंक्स आठवला होता, आणि लिनियसने तोच शब्द उचलला. आजही साऱ्या कुळाचं नाव त्यावरूनच आहे. दुसरा शब्द नेरी, म्हणजे नेरियमचा, कण्हेरीचा. तोही अळीच्या खाण्यावरून. (डॅफ्निस हे नाव १८१९ मध्ये ह्यूब्नरने दिलं. ग्रीक पुराणातला तो मेंढपाळ. इथे त्याचं काय काम, देव जाणे.) म्हणजे बघा, आपल्या शेतकऱ्याने जे केलं तेच लिनियसनेही केलं. नाव पतंगाला दिलं, पण अळीकडे बघून.

फक्त एक गोष्ट झाली. युरोपात हा पतंग पाहुणा आहे. दक्षिणेकडून उन्हाळ्यात उडत उडत वर जातो. तिथला हिवाळा त्याला सोसत नाही, त्यामुळे उत्तरेत कायमचं बस्तान बसत नाही. भूमध्य समुद्राकाठी त्याच्या अळ्यांना कण्हेर मिळते, तीच त्या खातात. पाहुण्याच्या पानात जे वाढलं त्यावरून त्याचं नाव पडलं! आपल्याकडे ही अळी कण्हेरीवर होतेच, सदाफुलीवरही सापडते. पण माझ्या पाहण्यात तरी दहातल्या आठ वेळा ती तगरीवरच असते. लिनियस कोकणात जन्मला असता तर नाव तगरीवरून पडलं असतं.

भारतातल्या पतंगांची शिस्तशीर नोंद केली सर जॉर्ज हॅम्पसन यांनी. हे गृहस्थ नीलगिरीत चहाचे मळेवाले होते, पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत त्यांचे पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात निघाले. प्रचंड काम. पण ते मुख्यतः संग्रहालयातलं काम होतं. टाचणीला टोचलेला पतंग समोर ठेवायचा आणि त्याच्या पंखांच्या शिरा, मिशा, पायांवरचे काटे तपासायचे. टाचणीवरच्या पतंगाला तू कुठे राहत होतास, काय खात होतास, असं विचारता येत नाही.

ते विचारणारी माणसं मात्र याच काळात आपल्या शेजारी, कारवारला जमली होती. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला होता आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात जाईपर्यंत इकडेच होता. म्हणजे ही गोष्ट आपल्या जुन्या मुंबई इलाख्यातलीच. तिघे साहेब. एक जे. डेव्हिडसन, जिल्ह्याचे कलेक्टर. दुसरे मीठ आणि जकात खात्यातले ई. एच. एटकिन. तिसरे जंगल खात्यातले टी. आर. बेल.

एटकिन हे तर आपल्या साताऱ्याचे. १८५१ साली तिथे जन्मले, वडील मिशनरी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत, मग सरकारी नोकरीत गेले. नावाची आद्याक्षरं जोडून ‘ईहा’ या नावाने ते लिहीत. आपल्याकडे ईहा म्हणजे इच्छा, हे त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे! बंगल्यातले उंदीर, पाली, मुंग्या, डास यांच्यावर त्यांनी फार मिश्कील लिहिलं आहे. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, त्या आठ संस्थापकांत ते होते. त्याच आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले लोकही होते. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक, आणि सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन्ही नावं समाजसुधारणेच्या धड्यात येतात. कीटक-पाखरांच्या संस्थेच्या स्थापनेतही ती आहेत हे मी कितीतरी वर्षं वर्गात आवर्जून सांगत असे, परीक्षेत येणार नाही हे माहीत असूनसुद्धा.

असो. या तिघा कारवारकरांची पद्धत साधी होती. फुलपाखरू जाळीत पकडून टाचणी मारण्यापेक्षा अळी शोधायची. ती ज्या झाडावर असेल त्याचा पाला रोज ताजा आणून घालायचा, तिने कात टाकली की लिहून ठेवायचं, कोष झाला की वाट बघायची, आणि शेवटी बाहेर काय पडतं ते पाहायचं. डेव्हिडसन आणि एटकिन यांनी १८९० मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या-कोषांवर टिपणं छापली. मग १८९६-९७ मध्ये बेलसह तिघांनी मिळून उत्तर कानड्यातल्या फुलपाखरांवर लेखमाला लिहिली. जंगलातून अळ्या हुडकून आणणारी, झाडांची नावं सांगणारी माणसं कारवारचीच असणार. हापिसची कामं सांभाळून साहेबांनी प्रत्येक पान स्वतः उलटून पाहिलं असेल हे मला तरी पटत नाही. वर नावं मात्र तिघांचीच.

तिघांतले बेल सर्वांत चिवट निघाले. जन्म १८६३ चा, आयर्लंडमधला. सारी नोकरी मुंबई इलाख्याच्या जंगलांत झाली. १९२० मध्ये निवृत्त झाले आणि मायदेशी परत जाण्याऐवजी कारवारलाच राहिले. तिथेच १९४८ मध्ये वारले. फुलपाखरांच्या मागोमाग त्यांनी या ससाणा पतंगांचं कुळ हाती घेतलं. मेजर एफ. बी. स्कॉट यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये त्याच ‘फॉना’ मालेत, पतंगांचा पाचवा खंड म्हणून निघाला. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. (हे वाचून माझ्या वयाच्या माणसाला जरा धीर येतो.) हॅम्पसनच्या खंडांत आणि या खंडात फरक हाच की इथे पंखांच्या वर्णनाबरोबर अळी कशी, तिचं शिंग कसं, ती कोणत्या झाडावर, कोष कुठे करते, स्वभाव कसा हे सगळं येतं. घरी वाढवून पाहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

आता भाचीच्या तगरीकडे येते. हा पतंग तगरीच्या पानावर एकेक फिकट हिरवं अंडं घालतो. त्यातून निघालेली अळी लहान असते तेव्हा तिच्या मागच्या टोकाला काळं, अंगाच्या मानाने भलतंच लांब शिंग असतं. वाढता वाढता शिंग आखूड, पिवळसर होतं आणि अळी पोपटी. कडेने पांढरा पट्टा आणि ठिपके. पूर्ण वाढली की सात-आठ सेंटिमीटरची. डोक्याच्या मागे दोन निळसर डोळे, भोवती काळी कड. हे डोळे खोटे. एरवी ते वळीत लपलेले असतात. डिवचलं की ती डोकं खाली ओढते, पुढचा भाग फुगवते आणि डोळे एकदम वटारल्यासारखे दिसतात. ते मूल किंचाळलं ते यालाच. शिंग टोचत नाही, अळी चावत नाही, अंगाला खाजही सुटत नाही. सगळी बतावणी आहे, बरं का!

ही अळी हिरव्या पानांत समोर असून दिसत नाही. तिला शोधायची युक्ती म्हणजे वर न बघता खाली बघायचं. झाडाखाली, फरशीवर काळपट हिरव्या, मिऱ्याच्या दाण्याएवढ्या लेंड्या पडलेल्या दिसतात. त्याच्या बरोब्बर वरच्या फांदीवर बाईसाहेब असतात. पोट भरलं की तिचा हिरवा रंग जातो, ती तपकिरी होते, झाडावरून उतरते आणि पालापाचोळ्यात शिरून कोष करते. पावसाळ्यात अंड्यापासून पतंगापर्यंतचा सगळा संसार महिना-सव्वा महिन्यात आटोपतो.

कण्हेरीचं विष सगळ्यांना माहीत आहे. थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं. शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही, म्हणून तर महामार्गांच्या दुभाजकांवर ती लावतात. पाणी कमी, राखण नको. तगरीलाही पांढरा चीक आहेच. पण जे झाड बाकीचे टाळतात तेच या अळीचं राखीव ताट आहे. आणि आणखी एक गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते. हा पतंग मुंबई-पुण्यात, शाळांच्या आवारात, सोसायट्यांच्या कुंपणात इतका सहज सापडतो, कारण त्याचं घर आपणच बांधलं आहे. देवाला पांढरं फूल हवं म्हणून आपण दारोदार तगर लावली, पुढे रस्त्यांसाठी कण्हेर लावली. जंगल मागे हटलं तरी याचं फारसं बिघडलं नाही, ते यामुळे.

भाचीला मी फोनवर एवढंच सांगितलं की खाणाऱ्या अळ्या बहुतेक उतरून गेल्या आहेत. आता फवारणी केली तर ती नुसत्या काड्यांवर होईल आणि विष मुलांच्या खेळायच्या जागेत पडेल. झाडाला पंधरा दिवस द्या. सभेत बरीच वादावादी झाली म्हणे. फवारणी पुढे ढकलली गेली, आणि गणपतीपर्यंत तगरीला नवी पालवी आली.

राहिला दिव्याचा प्रश्न. आपल्या साहित्यात पतंगाला एकच भूमिका आहे, ज्योतीवर झेप घेऊन जळून जाण्याची. गीतेच्या अकराव्या अध्यायापासून उर्दू गझलेपर्यंत हाच दाखला. प्रेमिकांना फार सोयीचा. पण २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवती उडणारे कीटक टिपले. त्यांना दिसलं की कीटक दिव्याकडे धावत नाहीत, ते दिव्याकडे पाठ करतात. लाखो वर्षं रात्रीचा जास्त उजेड आकाशाकडूनच येत होता, तेव्हा उजेडाकडे पाठ केली की अंग सरळ राहत होतं. आता दिवा शेजारी आला, पाठ तिकडे वळली, की बिचारा वाकडा होऊन तिथेच घिरट्या घालत राहतो. त्यात ना प्रेम, ना बलिदान.

आणि याच अभ्यासात दोन अपवाद निघाले. एक फळांवरची चिलटं आणि दुसरा आपला हा तगरीवरचा पतंग! त्याच्या खाली दिवा ठेवला तरी तो उलटापालटा न होता सरळ उडून गेला. असं का, याचा पत्ता लावायचा आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, प्रा. संजय साने यांच्या गटाने उडताना मिशा नेमक्या कशा सावरल्या जातात याचा अभ्यास याच जातीवर केला आहे. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात २००२ मध्ये केल्बर आणि सहकाऱ्यांनी याच कुळातल्या एका पतंगावर प्रयोग करून दाखवलं होतं की निव्वळ चांदण्याच्या उजेडात, जिथे आपल्याला सगळं करडं दिसतं, तिथे त्याला रंग ओळखता येतात. ज्याला आपण मधुमालती म्हणतो त्या वेलाची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात आणि पुढे गुलाबी, मग लाल होतात. त्या लांब नळीच्या ताज्या पांढऱ्या फुलांवर या कुळातले पतंग हवेत तरंगत, सोंड लांब करून मध पितात. अंधारात पांढरं कुठलं आणि लाल कुठलं हे त्यांना कळत असणार.

बघायचा असेल तर पावसाळा उत्तम. दिवेलागणीनंतर पाऊण तासभर मधुमालतीजवळ दिवा न लावता उभं राहायचं. आधी पंखांचा घुंईऽऽ असा आवाज येतो. अळी बघायची असेल तर सकाळी तगरीखालची फरशी झाडण्याआधी पाहून घ्या.

नावाचं मात्र अजून अडलंय. कण्हेरीचा ससाणा पतंग हे नुसतं इंग्रजीचं भाषांतर झालं, आणि ते आपल्या अंगणाला लागूही पडत नाही. मी आपलं मनाशी ‘तगरअळीचा पतंग’ म्हणते. पण कोकणात, कारवारकडे किंवा देशावर कुणाच्या आजीच्या तोंडी या शिंगवाल्या हिरव्या अळीला एखादं खास नाव असेल, तर मला जरूर कळवा.